गिऱ्हाईक नेमकं कुठे थांबलं?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचं दुखणं एकच आहे. ऑनलाइन दुकान थाटलं, माणसं येतात, बघतात आणि ऑर्डर न देता निघून जातात. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवते आणि ही सगळी पानं कन्व्हर्जन रेटला देते, म्हणजे दर १०० भेटींमागे किती ऑर्डर येतात त्या दराला.

उत्तरं देण्याआधी मी हे कुठल्या अनुभवावरून बोलते ते सांगायला हवं. दुकानांना सल्ला द्यायला लागले त्याआधी सहा वर्षं मी एका ऑनलाइन चपला-बुटांच्या दुकानात ग्राहकसेवेचे फोन घेत होते. फोनशेजारी एक वही असायची. प्रत्येक फोनवरचा प्रश्न मी तिच्यात एका ओळीत टिपून ठेवायचे. वही भरली की मागे जाऊन मोजायचे. पुन्हा पुन्हा तेच तीन प्रश्न निघायचे : हा नंबर मला बसेल का? नाही बसला तर परत घ्याल का? शुक्रवारपर्यंत पोचेल का? फोन करून विचारणारं गिऱ्हाईक चिकाटीचं असतं. त्याच प्रश्नाशी अडून, फोन न करता गेलेली माणसं किती होती हे त्या वहीत कधीच उतरलं नाही. कन्व्हर्जन रेट हा शब्द ऐकला की मला अजूनही तीच माणसं आठवतात.

प्रश्न : ताई, माझं हाताने शिवलेल्या कापडी पिशव्यांचं ऑनलाइन दुकान आहे. गेल्या महिन्यात साइटवर २००० भेटी झाल्या आणि ३० ऑर्डर आल्या. सगळीकडे वाचते की निदान ३ टक्के तरी हवेत. माझं एवढं काय चुकतंय?

उत्तर : ३० भागिले २०००, म्हणजे दीड टक्का. हा आकडा बघून तुम्ही धास्तावला आहात हे पत्रातून कळतं. पण एवढ्या एका आकड्यावरून तुमचं काही चुकतंय की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही. ३ टक्के हा काही पास होण्याचा मार्क नाही. जुनी गिऱ्हाइकं परत परत येतात अशा दुकानाचा दर जास्त असतो. ज्या दुकानात जाहिरातीवर बोट लागून आलेले अनोळखी लोक जास्त, त्याचा कमी असतो. शिवाय कुणी भेटी मोजतं, कुणी माणसं. एकच बाई तीनदा आली आणि तिसऱ्या वेळी पिशवी घेऊन गेली, तर भेटींच्या हिशेबाने दर ३३ टक्के आणि माणसांच्या हिशेबाने १००. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्याने काय मोजलंय ते विचारा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण इथे अनेकांची झोप उडते. समजा एका महिन्यात कॉम्प्युटरवरून १००० भेटी आणि ३० ऑर्डर, मोबाइलवरून १००० भेटी आणि १० ऑर्डर. एकूण २०००ला ४०, म्हणजे २ टक्के. पुढच्या महिन्यात तुम्ही साइट सुधारलीत. कॉम्प्युटरवर १०००ला ३२ आल्या. मोबाइलवर जाहिरातीमुळे भेटी ३००० झाल्या आणि ऑर्डर ३६. दोन्हीकडे दर वाढला, कॉम्प्युटरवर ३चा ३.२ आणि मोबाइलवर १चा १.२. पण एकूण पाहिलंत तर ४०००ला ६८, म्हणजे १.७. दर घसरला असं दिसतं आणि दुकानदार चांगली सुधारणा काढून टाकतो. मी हे प्रत्यक्ष होताना पाहिलंय. तेव्हा मोबाइल आणि कॉम्प्युटर, नवे आणि जुने, जाहिरातीतून आलेले आणि आपणहून आलेले, असे वेगळे रकाने करूनच दर बघा. आणि स्वतःच्या, घरच्यांच्या, साइट बनवणाऱ्याच्या भेटी त्यातून वगळा. लहान दुकानात त्याही बऱ्याच भरतात.

दुसरं, ३० ऑर्डर म्हणजे फार थोडा नमुना. काहीही न बदलता पुढच्या महिन्यात २२ येऊ शकतात किंवा ३८. तेवढं वरखाली निव्वळ योगायोगाने होतं. २२ आल्या म्हणून रडू नका आणि ३८ आल्या म्हणून नव्या फोटोंना श्रेय देऊ नका.

एकूण दरापेक्षा तुमच्या उपयोगाच्या आहेत त्या पायऱ्या. किती जणांनी एखादी पिशवी उघडून पाहिली, किती जणांनी ती कार्टमध्ये टाकली, किती जण चेकआउटला आले, किती जणांनी पैसे भरले. समजा १२०० जणांनी पिशवी पाहिली, ४० जणांनी कार्टमध्ये टाकली आणि ३० जणांनी घेतली. तर चेकआउट उत्तम चाललंय, अडचण पिशवीच्या पानावर आहे. आता समजा १२००पैकी १४० जणांनी कार्टमध्ये टाकली आणि तरीही ३०च ऑर्डर आल्या. मग पिशवी लोकांना आवडलीय आणि पुढे कुठेतरी त्यांचा पाय अडकतोय. दोन्ही ठिकाणी दर दीडच टक्का, औषध मात्र पूर्ण वेगळं. आधी हे चार आकडे काढा आणि मला पुन्हा लिहा.

प्रश्न : मी टेबल लॅम्प विकतो. लोक कार्टमध्ये लॅम्प टाकतात आणि गायब होतात. एकाने सुचवलंय की अशांना दुसऱ्या दिवशी १० टक्के सवलतीचा ईमेल आपोआप जाईल असं करा. करू का?

उत्तर : थोडं थांबा. ते गायब का झाले हे अजून तुम्हाला माहीत नाही, आणि कारण न कळता सवलत देणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता गोळी देणं. एकदा हा ईमेल सुरू झाला की तुमची नेहमीची गिऱ्हाइकं मुद्दाम कार्ट भरून एक दिवस वाट बघायला शिकतात, हे त्याच्या जोडीला.

कार्ट भरून सोडणं हे सगळीकडेच होतं. डेन्मार्कची बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था वर्षानुवर्षं याचा अभ्यास करते. वेगवेगळ्या पाहण्यांची तिने काढलेली सरासरी सांगते की भरलेल्या १०० कार्टपैकी साधारण ७० सोडून दिल्या जातात. त्यातले बरेच लोक नुसते बघायलाच आलेले असतात. कार्टचा उपयोग ते ‘पुढे कधीतरी बघू’ अशी खूण म्हणून करतात. त्यांचा पाठलाग करू नका. पण उरलेल्यांना विचारलं की सगळ्यात वर एकच कारण येतं : शेवटच्या पानावर अचानक वाढलेला खर्च. डिलिव्हरी, कर, हाताळणी. माणूस मनात एक आकडा धरून चार पानं पार करतो आणि पैसे भरायच्या क्षणी दुसराच आकडा समोर येतो. रक्कम थोडीच असली तरी फसवल्यासारखं वाटतं. डिलिव्हरीचा खर्च लॅम्पच्या पानावरच, किमतीच्या खाली लिहा. काही लोक तिथूनच परत जातील, ते जाऊ देत. जे पुढे येतील ते मन तयार करून येतील.

दुसरं मोठं कारण, खातं उघडायची सक्ती. साइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे तज्ज्ञ जेरेड स्पूल यांनी २००९ साली लिहिलेली एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकिकत या धंद्यात प्रसिद्ध आहे. कार्ट भरल्यावर आणि पैसे भरण्याआधी तिथे एक साधा फॉर्म यायचा : ईमेल, पासवर्ड, ‘लॉगिन’ आणि ‘नोंदणी करा’. बनवणाऱ्यांना वाटायचं की यामुळे जुन्या गिऱ्हाइकांची सोय होते. प्रत्यक्षात नवे लोक नोंदणीचं नाव वाचून मागे फिरायचे, आणि जुन्यांना आपण कोणत्या ईमेलने खातं उघडलं होतं तेच आठवायचं नाही. काहींची तर दहा-दहा खाती झाली होती. शेवटी ‘नोंदणी करा’ काढून तिथे ‘पुढे चला’ असं बटण ठेवलं आणि खाली लिहिलं की खरेदीसाठी खातं लागत नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. खातं उघडायचं विचारायचंच असेल तर पैसे भरून झाल्यावर, ‘ऑर्डर मिळाली’ या पानावर विचारा. तोपर्यंत नाव, पत्ता, ईमेल सगळं तुमच्याकडे आलेलंच असतं, फक्त पासवर्ड राहतो.

आता एक प्रसंग सांगते, कारण आकड्यांपेक्षा तो मला जास्त काही शिकवून गेला. मी सल्ला देत होते त्या एका दुकानाच्या साइटवर माझ्या आत्याला चालायचे बूट घ्यायचे होते. तिचं वय ६१. मी म्हटलं, “आत्या, तू घे, मी नुसती शेजारी बसते.” आणि ठरवलं की काही झालं तरी बोलायचं नाही.

तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. बुटाचा तळ कसा आहे ते बघायचं होतं, ओल्या फरशीवर ती एकदा घसरली होती. तळाचा फोटो नव्हता. तिने तरी घ्यायचं ठरवलं. मापाचा तक्ता म्हणजे एक बारीक अक्षरांचं चित्र होतं, ते मोठं होईना. तिने चष्मा बदलला. मग पत्ता आला. घराचं नाव, मजला, रस्ता, जवळची खूण, सगळं तिने एका बोटाने, शांतपणे लिहिलं. फोन नंबर लिहिताना पाच आकड्यांनंतर एक मोकळी जागा सोडली, ती नेहमीच तशी लिहिते. खालचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. चूक झाल्याचा संदेश पानाच्या अगदी वर लाल अक्षरांत आला होता, ‘अवैध नोंद’. ती पानाच्या तळाशी होती, तिला तो दिसणारच कसा? पाचव्यांदा दाबल्यावर पान नव्याने उघडलं आणि तिने लिहिलेला सगळा पत्ता पुसला गेला. तिने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाली, “नको गं बाई, दुकानात जाऊनच आणते.”

त्या रात्री साइटने तिला ईमेल पाठवला : तुमचे बूट तुमची वाट बघतायत, आजच घ्या आणि सवलत मिळवा.

आत्याला सवलत नको होती. तिला तो फॉर्म भरू द्यायला हवा होता. नंबरातली मोकळी जागा काढून टाकणं हे साइटच्या कोडमधलं एका ओळीचं काम आहे, ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात कशाला? चूक झालीच तर त्या रकान्याच्या लगेच खाली सांगा आणि काय करायचं ते सांगा. ‘अवैध नोंद’ने कुणाला काय कळणार? ‘नंबरात एक आकडा कमी आहे’ असं लिहा. भरलेलं काहीही पुसलं जाता कामा नये. फोन नंबरच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. ब्राउझरने साठवलेला पत्ता आपोआप भरला जावा यासाठी रकान्यांना योग्य खुणा द्याव्या लागतात, त्या आहेत का ते साइट बनवणाऱ्याला विचारा. नाव आणि आडनाव असे दोन रकाने हवेतच का, जन्मतारीख कशाला, दुसरा फोन नंबर कशाला, हे एकेक करून तपासा. ‘कूपन कोड टाका’ हा मोठा रिकामा चौकोन असेल तर त्याची एक छोटी ओळ करा. तो चौकोन बघून, ज्यांच्याकडे कूपन नाही ते शोधायला बाहेर जातात आणि त्यातले बरेच परत येत नाहीत.

तुम्हीही असंच शेजारी बसा. याच विषयातले दुसरे तज्ज्ञ जेकब निल्सन अनेक वर्षं सांगत आलेत की पाच माणसं वापरताना बघितली तरी वापरातल्या बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात, आणि माझा अनुभव तोच आहे. घरातल्या कुणाला, शेजारणीला, मित्राच्या वडिलांना बसवा. तुमची साइट आधी पाहिलेली नको. “लॅम्प घे” एवढंच सांगा आणि गप्प राहा. ते अडखळतील तेव्हा तोंडातून “अगं, ते वर आहे” असं निघू पाहतं, ते आवरा. खऱ्या गिऱ्हाइकाशेजारी सांगायला कुणी नसतं. या पाच बैठका झाल्या आणि दिसलेल्या अडचणी दूर केल्या की मग आठवणीचा एक साधा ईमेल जरूर पाठवा, सवलतीशिवाय. त्यात लॅम्पचा फोटो, डिलिव्हरीची तारीख आणि “काही अडलं का? या ईमेललाच उत्तर द्या” एवढी ओळ असू द्या. येणाऱ्या उत्तरांत तुम्हाला पुढच्या सहा महिन्यांचं काम मिळेल.

प्रश्न : मी सिरॅमिकचे मग आणि वाडगे बनवते. फोटो चांगले आहेत असं सगळे म्हणतात. माहितीत नेमकं काय लिहावं हे कळत नाही, म्हणून ‘सुंदर, दर्जेदार, हस्तनिर्मित’ असं लिहिलंय.

उत्तर : हे तीन शब्द काढले तर गिऱ्हाइकाचं काही अडेल का? मग ते नसले तरी चालतील. त्या जागी हातात मग घेऊन माणूस जे पाहतो ते लिहा. किती मिलिलिटर मावतं. रिकाम्याचं वजन किती. कानात दोन बोटं जातात की चार. मायक्रोवेव्हमध्ये चालतो का, भांडी धुण्याच्या मशीनमध्ये चालतो का. तळ टेबलाला ओरखडे पाडतो का. प्रत्येक मगाचा रंग थोडा वेगळा येतो, तो किती वेगळा? त्यासाठी चार मग शेजारी ठेवून एक फोटो काढा.

फोटो सुंदर असणं आणि फोटोने उत्तर देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा मग केवढा आहे ते कळतच नाही. एका फोटोत तो हातात धरलेला दाखवा. एक फोटो आतून, एक तळाचा. बूट विकत होतो तेव्हा तळाचा फोटो टाकल्यावर ‘घसरतील का’ हे फोन माझ्या वहीत एकदम कमी झाले होते. सांगायची गोष्ट अशी की तो फोटो घालायचं आम्हाला वहीमुळे सुचलं. तुमच्याकडे फोन येत नसतील तर मेसेज येत असतील, प्रदर्शनात लोक विचारत असतील. महिनाभर ते प्रश्न जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ज्या मगाबद्दल विचारलं त्याच मगाच्या पानावर उत्तर लिहा. ‘नेहमीचे प्रश्न’ असं वेगळं पान करून तिथे ते पुरू नका.

फुटलेला निघाला तर काय, हे कार्टच्या बटणाजवळ दोन वाक्यांत सांगा. तुमच्या मालाला हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असणारच.

अभिप्रायांचंही तुम्ही पुढे विचारलंय. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगेल संशोधन केंद्राने २०१७ साली दाखवलं की पहिल्या पाचेक अभिप्रायांनीच मोठा फरक पडतो. एकही अभिप्राय नसलेल्या वस्तूपेक्षा पाच अभिप्राय असलेली वस्तू घेतली जाण्याची शक्यता त्यांना २७० टक्क्यांनी जास्त आढळली. आणि खरेदीची शक्यता पूर्ण ५ ताऱ्यांना सर्वाधिक नव्हती, ती ४ ते ४.७ या पट्ट्यात होती. तेव्हा “कान थोडा लहान आहे” असं कुणी लिहिलं तर ते खोडू नका. मोठ्या हाताच्या माणसाला ते उपयोगी पडेल आणि लहान हाताची बाई निर्धास्तपणे घेईल. माल पोचल्यावर दहा-बारा दिवसांनी, वापरायला वेळ देऊन, एक ईमेल करून अभिप्राय मागा.

प्रश्न : साइट बनवणारा म्हणतो की साइट वेगवान आहे. माझ्या लॅपटॉपवर पटकन उघडतेही. तरी मोबाइलवरून ऑर्डर जवळजवळ येतच नाहीत.

उत्तर : तुमच्या लॅपटॉपने ते फोटो आधीच साठवून ठेवलेत, त्यामुळे तो तुम्हाला खरं सांगणार नाही. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि साइट उघडा. गूगलचे मापदंड सांगायचे तर, पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हालचाल दिसायला हवी. आणि हे १००पैकी निदान ७५ भेटींत घडायला हवं. एका वेळी पटकन उघडली हे पुरत नाही.

बहुतेक लहान दुकानांत दोषी असतात ते फोटो. फोनने काढलेला ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो तसाच चढवलेला असतो आणि दिसतो तेव्हा त्याची जागा ८०० पिक्सेलची असते. आकार कमी करून, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात बदलून चढवा. त्यानंतर बघा ती बाहेरून जोडलेली कामं, म्हणजे चॅटची खिडकी, लकी ड्रॉचं चाक, तीन वेगवेगळे मोजणी करणारे कोड. यातलं कुठलं गेल्या तीन महिन्यांत कुणी उघडून पाहिलंय? न पाहिलेलं काढा.

एक गोष्ट वेगाच्या चाचणीत चटकन लक्षात येत नाही. पान उघडताना वरून एखादी पट्टी उशिरा येते आणि सगळं खाली सरकतं. बोट ‘कार्टमध्ये टाका’वर चाललेलं असतं आणि पडतं भलत्याच दुव्यावर. कॉम्प्युटरवर हे जाणवत नाही, हातातल्या फोनवर फार चीड आणतं. फोटोंची आणि पट्ट्यांची जागा आधीच राखून ठेवली की हे थांबतं.

प्रश्न : मी बटणाच्या रंगाची चाचणी घेतोय, निम्म्यांना हिरवं आणि निम्म्यांना लाल. चार दिवसांत लालवरून ९ आणि हिरव्यावरून ५ ऑर्डर आल्या. लाल कायम करू का?

उत्तर : करायचं तर करा, पण लाल जिंकलं असं समजून नको. एक नाणं १४ वेळा उडवा. छाप आणि काटा यांची वाटणी ९-५ किंवा त्याहून एकतर्फी येणं १०पैकी ४ वेळा घडतं, आणि त्यात नाण्याचा काही गुण नसतो. २ टक्क्यांचा दर २.४ झाला हे खात्रीने ओळखायचं तर प्रत्येक रंगाला साधारण २०,००० भेटी लागतात. तुमच्या ऑर्डरींच्या वेगाने त्याला कित्येक महिने जातील. आणि रोज सकाळी निकाल उघडून, आवडता रंग पुढे दिसला की थांबायचं असं केलं तर चुकीचा निकाल लागण्याची शक्यता फारच वाढते.

एवढ्या भेटी नसलेल्या दुकानाने रंगांच्या चाचण्या घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या गोष्टी डोळ्यांनी दिसतात त्या दुरुस्त करायला चाचणी लागत नाही. माझ्या आत्याचा पुसलेला पत्ता आणखी ४०,००० लोकांवर तपासून बघायचा का? रंगाबाबत एवढंच पाहा की बटण उन्हात, कमी उजेडाच्या पडद्यावरही उठून दिसतं आणि त्यावरचं अक्षर वाचता येतं.

प्रश्न : आमचा मार्केटिंगवाला सांगतो की ‘फक्त २ शिल्लक’, ‘आत्ता १४ जण हे पाहत आहेत’ आणि उलटं धावणारं घड्याळ लावलं की दर हमखास वाढतो. माल भरपूर शिल्लक आहे. तरी लावावं का?

उत्तर : नाही. माल भरपूर असताना ‘फक्त २ शिल्लक’ हे खोटं आहे, त्याला दुसरा शब्द नाही. गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या अशा युक्त्यांना साइटच्या रचनेचे तज्ज्ञ हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं, आणि तेव्हापासून अनेक देशांत त्याविरुद्ध नियम आले आहेत. पण मी नियमांच्या भीतीने सांगत नाही.

मी फोन घ्यायचे त्या दुकानाने एकदा चेकआउटवर बुटांच्या पॉलिशचा डबा आधीच टिक करून ठेवला. नको असेल तर गिऱ्हाइकाने टिक काढायची. त्या महिन्यात प्रत्येक ऑर्डरची रक्कम वाढली, बैठकीत कौतुक झालं. फोन माझ्याकडे आले. “मी हे मागितलंच नव्हतं.” एक आजोबा होते, दर वर्षी आमच्याकडूनच बूट घ्यायचे. ते रागावलेही नाहीत. ते म्हणाले, “पुढच्या वेळी मला प्रत्येक पान दोनदा वाचावं लागेल, आता माझे डोळे तेवढे चांगले नाहीत.” त्यानंतर त्यांची ऑर्डर आली नाही. मी वर्षभर त्यांचं नाव शोधत होते. कन्व्हर्जन रेटच्या तक्त्यात ते कुठेच दिसले नाहीत, कारण ते साइटवर आलेच नाहीत.

खरोखर दोनच शिल्लक असतील तर जरूर सांगा, ती माहिती गिऱ्हाइकाच्या कामाची आहे. ‘आज दुपारी ४ पर्यंत ऑर्डर दिलीत तर उद्या निघेल’ हेही सांगा, खरं असेल तर. मार्केटिंगवाल्याला विचारा की घड्याळ संपल्यावर काय होणार आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार असेल तर ते लावू नका.

प्रश्न : मी सगळं एकटीच बघते. माल, पॅकिंग, हिशेब. साइटसाठी दिवसाला फार तर एक तास मिळतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आज रात्री स्वतःच्या दुकानातून एक वस्तू विकत घ्या. तुमच्या फोनवरून, वायफाय बंद करून, पूर्वी कधी न वापरलेल्या ईमेलने, आणि खरोखरचे पैसे भरून. कागद-पेन जवळ घ्या आणि जिथे अर्धा सेकंदही विचार करावा लागला तिथे एक खूण करा. पैसे भरताना बँकेचा मेसेज बघायला दुसऱ्या ॲपमध्ये जा आणि परत या, कार्ट जागेवर आहे का ते बघा. हे फार दुकानांत तुटतं आणि फार थोडे दुकानदार तपासतात. कार्ड नाकारलं गेलं तर काय दिसतं ते पाहायला मुद्दाम एकदा चुकीचा नंबर टाका. ‘ऑर्डर मिळाली’ हा ईमेल किती वेळाने येतो, स्पॅममध्ये जातो का, त्यात वस्तू कधी पोचेल हे लिहिलंय का, ते वाचा. मग साइटवर दिलेल्या नंबरवर फोन लावा. शेवटी, ऑर्डर रद्द करायची असेल तर ती कुठून करायची ते शोधा, आणि घड्याळ लावून बघा की किती मिनिटं लागली.

पहिल्या रात्रीच्या तासात एवढंच होईल. दुसऱ्या दिवसापासून त्या कागदावरची एकेक खूण घ्या, पैसे भरण्याच्या पानाला सगळ्यात जवळची खूण आधी. तिथपर्यंत आलेल्या माणसाने वस्तू पसंत केलेली असते, डिलिव्हरीचा खर्च मान्य केलेला असतो, पत्ता लिहिलेला असतो. खुणा किती निघाल्या आणि त्यातली पहिली कुठे होती, हे मला कळवा. पुढच्या अंकात आपण तिथूनच पुढे जाऊ.